‘सातचा फोन’: एका विज्ञानकथेचं संपादन, खर्ड्यापासून छापील पानापर्यंत

पुण्यातल्या एका दिवाळी अंकाकडे आलेली विज्ञानकथा, ती लिहिणारी नवी लेखिका आणि स्वतः विज्ञानकथाकार असलेला संपादक, एवढ्यांचं हे प्रकरण आहे. माणसं आणि कथा नमुन्यादाखल रचलेली आहेत. कामाचा क्रम, गणितं, छपाईतल्या अडचणी आणि कायद्याची कलमं मात्र प्रत्यक्षातली आहेत. या क्षेत्रात काम करणाऱ्याला यातली जवळजवळ प्रत्येक अडचण ओळखीची वाटेल.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लेखक-संपादकाने दुसऱ्याच्या कथेत आकडा द्यावा, वाक्य देऊ नये. ते का, हे या प्रकरणात पायरीपायरीने दिसतं.

संपादक कोण आणि त्याची अडचण काय

संपादक पन्नाशीला टेकलेले. दिवसा कंपनीतली नोकरी, नावावर दोन कथासंग्रह, आणि गेली काही वर्षं एका दिवाळी अंकातल्या विज्ञानकथा विभागाची जबाबदारी. मराठीत ही घडण नवी नाही. अनंत अंतरकर यांनी १९४६ साली ‘हंस’ काढलं, पुढे ‘मोहिनी’ आणि ‘नवल’. पुण्यातून दीर्घकाळ निघालेल्या ‘नवल’ने अद्भुत, गूढ, भय आणि विज्ञान या कथांना एक हक्काची जागा दिली. १९६६ साली अनंत अंतरकर गेल्यावर त्यांचे चिरंजीव आनंद अंतरकर यांनी ही मासिकं पुढे चालवली, आणि तेही लेखक-संपादकच. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला, फास्टर फेणे लिहिला आणि ‘बालमित्र’चं संपादनही केलं. लिहिणारा आणि दुसऱ्याचं लेखन तपासणारा हात एकच, हे आपल्याकडे गरजेतून घडलं आहे. विज्ञानकथेचं वेगळं मासिक आणि त्याचा पगारी संपादक, एवढा बाजार मराठीत कधी उभा राहिला नाही.

जिथे उभा राहिला, तिथेही संपादकाच्या खुर्चीने लेखकाकडून किंमत वसूल केलीच. अमेरिकेत जॉन कॅम्पबेल १९३७ मध्ये ‘ॲस्टाउंडिंग’ या विज्ञानकथा मासिकाचे संपादक झाले आणि १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांचं स्वतःचं कथालेखन मात्र संपादक झाल्यावर जवळजवळ थांबलं. गार्डनर डोझवा यांनी ‘असिमोव्ह्‌ज’ या तशाच मासिकाचं संपादन सुमारे वीस वर्षं केलं, विज्ञानकथेतला मानाचा ह्यूगो पुरस्कार उत्कृष्ट संपादक म्हणून पंधरा वेळा मिळवला, आणि त्या काळात स्वतः फार थोडं लिहिलं. फ्रेडरिक पोल हे उलट उदाहरण. साठच्या दशकात त्यांनी ‘गॅलॅक्सी’ आणि ‘इफ’ ही विज्ञानकथा मासिकं सांभाळली, खुर्ची सोडली आणि सत्तरच्या दशकात पुन्हा जोमाने लिहिलं.

लिहिणं थांबलं तरी लिहिण्याची ऊर्मी जात नाही. ती वाट शोधते, आणि सगळ्यात जवळची वाट म्हणजे समोर पडलेलं दुसऱ्याचं हस्तलिखित. कॅम्पबेल यांच्याच कारकिर्दीत टॉम गॉडविन यांची एक कथा १९५४ साली छापून आली. यानात चोरून चढलेल्या मुलीला लेखक खर्ड्यामागून खर्ड्यात वाचवत होते आणि कॅम्पबेल कथा परत पाठवत होते, ती मुलगी मरेपर्यंत. ती कथा गाजली. पण त्या शेवटाचा कर्ता कोण, हा वाद अजून मिटलेला नाही.

कथा आली तशी

मेअखेर हस्तलिखित आलं. ७,८०० शब्द, युनिकोडमध्ये टंकलेलं, मोबाइलवरून पाठवलेलं. पहिलं वाचन लेखकाचं नाव झाकून करायचं, असा या विभागाचा नियम आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मागाहून कळलं की लेखक जयंत विष्णू नारळीकर आहेत. आपल्या नावाच्या वलयावर निकाल लागू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी फिरवली होती. नियम त्यांनी स्वतःला लावून घेतला. संपादकाने तो सगळ्यांना लावायला हरकत नाही. फायदा नवख्यांचा होतो आणि संपादकालाही भिडस्तपणा बाजूला ठेवता येतो.

कथा अशी. मंगळावरच्या तळावर काम करणारी मुलगी कोथरूडमधल्या आईवडिलांना रोज संध्याकाळी सातला फोन करते. आई देवापाशी दिवा लावते आणि फोन वाजतो. वडील आजारी पडतात. तळावर वादळ येतं, तळ कोसळायच्या बेतात असतो, मुलगी तशातही फोन लावते, आणि बोलता बोलता पलीकडे वडील प्राण सोडतात.

आई, वडील, दिवा, सातची वेळ हे सगळं भक्कम होतं. स्वयंपाकघरात वावरणारी आई आणि बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारे वडील लेखिकेला आतूनबाहेरून माहीत होते. विज्ञान मात्र शोभेचं होतं. मंगळाच्या जागी दुबई घातली असती तरी कथेचं काही बिघडलं नसतं. विज्ञानकथेसाठी ही पहिली आणि सगळ्यात कठोर चाचणी आहे, आणि त्या चाचणीत कथा नापास झाली.

तरी कथा परत पाठवली नाही. माणसं जिवंत असलेली कथा विज्ञानासाठी दुरुस्त करता येते. विज्ञान चोख आणि माणसं पुठ्ठ्याची असतील, तर करण्यासारखं फारसं काही नसतं.

गणित

पहिली चूक फोनचीच. प्रकाश आणि रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला तर सुमारे ५ कोटी ४६ लाख किलोमीटरवर असतो, तेव्हा आवाज पोहोचायला ३ मिनिटं लागतात. सर्वांत दूर गेला तर ४० कोटींच्या पलीकडे, म्हणजे २२ मिनिटं. हे एका दिशेचं. प्रश्न जाऊन उत्तर यायला दुप्पट. खर्ड्यातल्या शेवटच्या फोनमध्ये तेरा प्रश्नोत्तरं होती. मंगळ ३७ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे असं धरलं, तर एका दिशेने २१ मिनिटं, एका प्रश्नोत्तराला ४२, आणि तेरांना ५४६ मिनिटं. कथेत दहा मिनिटांत आटोपलेला फोन प्रत्यक्षात नऊ तास चालला असता.

दुसरी चूक सातच्या वेळेची. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो. पुण्यातले संध्याकाळचे सात मुलीच्या घड्याळात रोज सुमारे चाळीस मिनिटं अलीकडे सरकतात. अठरा दिवसांत जवळजवळ बारा तासांचा फरक पडतो, म्हणजे आईची दिवेलागण तिकडे पहाट होते. साधारण छत्तिसाव्या-सदतिसाव्या दिवशी दोन्हीकडे पुन्हा संध्याकाळ येते. रोज सातला फोन करायचा तर मुलीला महिनाभरात झोपेची सगळी वेळापत्रकं मोडावी लागतील. संपादकाने समासात लिहिलं: ‘ही हे का करते? आईला माहीत आहे का?’

तिसरी चूक वादळाची, आणि ती फार लोक करतात. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्काही नाही. हवेची घनता साधारण एक-साठांश. वाऱ्याचा जोर घनता आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. म्हणून तिथला ताशी १०० किलोमीटरचा वारा अंगावर इथल्या ताशी १३ किलोमीटरच्या झुळकीएवढाच लागेल. तळ कोसळणार नाही. धुळीचं खरं संकट अंधाराचं असतं. २०१८ साली मंगळभर पसरलेल्या धूळवादळात ‘ऑपॉर्च्युनिटी’ हे नासाचं रोव्हर (चाकांवर फिरणारं यान) बंद पडलं ते सौरपट्ट्यांना ऊन मिळेना म्हणून. गुरुत्वाकर्षणाच्या दोन-तीन किरकोळ चुका होत्या (तिथे ते पृथ्वीच्या ०.३८ पट असतं, त्यामुळे पाणी ओतण्याचं, चालण्याचं वर्णन बदलतं), त्या जागच्या जागी सुटल्या.

पहिली दुरुस्ती, जी मागे घ्यावी लागली

संपादकाला उत्तर लगेच दिसलं. विलंब हाच कथेचा गाभा करायचा. उत्तर बरोबर होतं, पण त्यांनी शेवटची दोन पानं स्वतः लिहून लेखिकेला पाठवली. त्यांतलं एक वाक्य असं: ‘अँटेनेच्या बशीत साचलेल्या लाल धुळीवर एकवीस मिनिटांची शांतता पसरली होती.’

वाक्य वाईट नाही. फक्त ते या कथेचं नाही. आधीच्या पानांवर भाजी, पेपर, गॅसचा नंबर लावणं चाललं आहे, आणि अचानक पोक्त, गंभीर आवाजातला एक पुरुष बोलायला लागतो. लेखिकेने चार दिवसांनी उत्तर दिलं, की पानं चांगली आहेत, तुम्ही म्हणता तसं करू या. धोक्याची खूण हीच होती. नवा लेखक भांडत नाही. नावाजलेल्या संपादकाची पानं तो निमूटपणे घेतो, कथा छापून येते, आणि पुढची कथा लिहिताना आपला आवाज कुठला हेच त्याला उमजत नाही. अंकात एकाच माणसाने लिहिल्यासारख्या पाच कथा दिसायला लागल्या, की समजावं हे बराच काळ चाललं आहे.

संपादकाने पानं मागे घेतली. कायद्याच्या दृष्टीनेही ते योग्य झालं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे, हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही लेखकाला आपल्या नावाचा आणि लेखनाची मोडतोड रोखण्याचा अधिकार राहतो. शुद्धलेखनापलीकडचा कुठलाही बदल लेखी संमतीशिवाय छापू नये, हे साध्या सौजन्याचं आहे आणि कायद्याच्या दृष्टीनेही सुरक्षित.

प्रश्नांचा कागद

त्यानंतर जो कागद गेला, तो एका पानाचा होता. डावीकडे पान आणि ओळ, मध्ये वस्तुस्थिती, उजवीकडे प्रश्न. उपाय सुचवणारं एकही वाक्य नाही. असा कागद करताना प्रश्न दहाच्या आत ठेवावेत. तीस प्रश्न गेले की लेखक सोपे सोडवतो आणि अवघड तीन टाळतो. या कागदावर सात होते. त्यांतला पाचवा कथेला कलाटणी देणारा ठरला:

‘पान १४. साधारण दर २६ महिन्यांनी मंगळ पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या पलीकडे जातो. सूर्याभोवतीच्या तप्त वायूमुळे रेडिओसंदेश बिघडतात, म्हणून सुमारे दोन आठवडे तिकडे आज्ञा पाठवणं बंद ठेवतात. २०२३ मध्ये ही बंदी ११ ते २५ नोव्हेंबर अशी होती. बाबांच्या आजारपणात हे दोन आठवडे आले तर घरात काय होईल?’

(त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. मंगळावर खरंच कुणी मराठी माणूस असता, तर दिवाळीच्या शुभेच्छा त्याला दिवाळी उलटून गेल्यावर मिळाल्या असत्या.)

तीन आठवड्यांनी दुसरा खर्डा आला. दोन आठवडे म्हणजे चौदा दिवस, आणि चौदा दिवसांत काय मावतं हे लेखिकेने बरोबर ओळखलं होतं. संदेश बंद झाल्याच्या पहिल्याच दिवशी वडील जातात. मुलीला कळवायचा मार्ग नाही. दहावा होतो, तेरावा होतो, पाहुणे परततात, आणि मग लाइन सुरू होते. मुलीच्या जगात वडील चौदा दिवस अधिक जगतात, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं.

दुसऱ्या गावी गेलेल्या माणसाला मृत्यूची बातमी उशिरा कळली तर सुतक किती दिवस पाळायचं, याचे नियम आपल्याकडे आधीपासून आहेत. बातमी माणसाबरोबर किंवा पत्राने येत असे, त्या काळाची ती सोय. दाते पंचांगात आशौचाचा निर्णय आजही छापलेला असतो. लेखिकेने आईच्या हातात पंचांग दिलं. आई त्यात दोन गोष्टी शोधते. मंगळाचा अस्त कधी संपतो, आणि उशिरा कळलेल्या मुलीने किती दिवस धरायचे. इथे संपादकाने एकच टीप जोडली. पंचांगातला मंगळाचा अस्त काही महिन्यांचा असतो, कारण तो सूर्यतेजात ग्रह डोळ्यांना दिसेनासा होण्याचा काळ आहे. रेडिओचे दोन आठवडे त्याच्या मधोमध येतात. लेखिकेने ती टीपही वापरली. आईला पंचांगात नको इतकी लांबची तारीख सापडते आणि ती घाबरते. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा तिला खरा हिशेब समजावून सांगतो. विज्ञान सांगायला कथेत यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती, कारण तिथे ते ऐकायची कुणाला तरी निकड आहे.

शेवट बदलला तो असा. खर्ड्यातली मूळ ओळ होती: ‘“त्यांच्या कानाशी फोन धर,” ती ओरडली, पण उशीर झाला होता.’ नवा परिच्छेद:

‘देवापाशी अंधार होता. दिवा बाहेरच्या खोलीत होता, पिठावर, दक्षिणेकडे तोंड करून. सात वाजले तसा आईने मोबाइल उचलला, रेकॉर्डिंग सुरू केलं. “आज स्वयंपाक केला नाही,” ती म्हणाली. “शेजारून पिठलं-भात आला होता. मी थोडा खाल्ला.” मग तिला पुढे काही सुचेना. तिने बटण दाबलं. संदेश रांगेत लागला, सहावा.’

सुतकात देवाला दिवा लावत नाहीत, आणि माणूस गेला त्या जागी पिठावर दिवा ठेवतात. घरात कुणी गेलं की शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात. आई मृत्यूचा शब्दही काढत नाही. मुलीला ते पिठलं-भातावरून कळणार आहे, चौदा दिवसांनी, सहावा संदेश ऐकताना. संपादकाने समासात विचारलं, ‘एवढ्यावरून कळेल?’ लेखिकेने लिहिलं, ‘तिला कळेल.’ पुढे त्या परिच्छेदाला कुणी हात लावला नाही. एकवीस मिनिटांच्या शांततेवर संपादक आणखी दहा वाक्यं लिहू शकले असते, पण पिठलं-भात त्यांना सुचला नसता. चौदा दिवसांचा आकडा त्यांनी दिला. त्यात काय भरायचं ते ज्या घरातून ती लिहीत होती, त्या घरातून आलं.

जाणकार वाचक काय विचारेल

विज्ञानकथा छापण्याआधी एकदा अंकातल्या सगळ्यात चिकित्सक वाचकाच्या नजरेने वाचावी. या कथेवर येणारी हरकत ठरलेली होती: सूर्य आड येतो तर बाजूला एखादा उपग्रह ठेवून संदेश वळवून का घेत नाहीत? हरकत रास्त आहे. माणसं मंगळावर राहायला गेली, तर तशी व्यवस्था बहुधा असेलच. याला दोन परिच्छेदांचं स्पष्टीकरण दिलं की कथा मरते. काहीच लिहिलं नाही, तर जाणकाराचा विश्वास जातो. लेखिकेने एक वाक्य घातलं: वळणाचा उपग्रह होता, पण त्याच्यावरून त्या दिवसांत फक्त तळाच्या जिवावर बेतलेल्या गोष्टी जात, आणि घरचं कुणी गेलं ही त्या यादीतली गोष्ट नव्हती. हरकतीचं उत्तर मिळालं आणि कथेची धारही वाढली.

वादळ पूर्ण गेलं. सुरुवातीचे अग्निबाण आणि तळ यांची ओळख करून देणारे नऊशे शब्दही गेले. ते कापताना लेखिका हळहळली, कारण त्यासाठी तिने सगळ्यात जास्त वाचलं होतं. अशा वेळी कापलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवायला सांगावा. त्यातली माहिती पुढच्या कथेत लागते, आणि फेकून द्यायचं नाही म्हटलं की कात्री सहज चालते.

पानं, फॉर्म, प्रूफ

दिवाळी अंकाचं गणित सोळा पानांच्या फॉर्मवर, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांवर चालतं. या अंकाच्या मांडणीत एका पानावर साधारण ४५० शब्द बसतात. मूळ ७,८०० शब्दांना सतरा पानांहून जास्त लागली असती, वर शीर्षक आणि चित्र. म्हणजे कथा एका फॉर्मच्या बाहेर. अखेरचा मजकूर ६,३०० शब्दांचा झाला. चौदा पानं कथा, उरलेल्या दोनांत शीर्षक आणि चित्र. फॉर्ममध्ये बसवण्यासाठी कथा कापू नये असं अनेकांना वाटतं. आमच्या मते ही मर्यादा बहुतेक वेळा उपकारकच ठरते, मात्र ती लेखकाला दुसऱ्या खर्ड्याच्या आधी सांगायला हवी. प्रूफ हातात असताना सांगितली तर घाईत चुकीचे परिच्छेद जातात.

वेळापत्रकात गणपती धरावेच लागतात. त्या दहा दिवसांत पेठांतले रस्ते संध्याकाळी बंद होतात, छापखान्यांत माणसं कमी असतात, टपाल आणि कुरिअर रेंगाळतात. म्हणून लेखकाचं प्रूफ गणेशचतुर्थीच्या आधी परत यायला हवं. अधिक महिना असला की दिवाळी नोव्हेंबरात जाते आणि दोन-तीन आठवडे हाताशी येतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. त्या वर्षीची आखणी आधीच्या वर्षाच्या तारखा तशाच उचलून करू नये. अंक दसऱ्याच्या सुमाराला अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत पोहोचला पाहिजे. लक्ष्मीपूजन उलटल्यावर नवा अंक विकायला फार कष्ट पडतात.

विज्ञानकथेच्या प्रूफात इतर कथांपेक्षा वेगळ्या चुका निघतात, कारण तिच्यात आकडे असतात. युनिकोडमधला मजकूर छपाईच्या जुन्या फाँटमध्ये वळवताना हे घडतं:

घातांक खाली उतरतो. दहाचा आठवा घात असेल तर छापलं जातं १०८, आणि कोट्यवधींचा आकडा रुग्णवाहिकेच्या नंबरावर येतो. उणे चिन्ह ओळीच्या शेवटी तुटतं किंवा गळतं आणि मंगळाचं सरासरी तापमान उणे ६३ अंशांचं ६३ अंश होतं. दशांशचिन्ह गळालं की ३७.८ कोटी किलोमीटर ३७८ कोटी होतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र बिघडून ‘दुसर्या’ उमटतो, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. मध्येच रोमन आकडे राहून जातात.

उपाय दोन. संवादात आणि निवेदनात आकडे शक्यतो अक्षरी किंवा कोटी-लाखांत लिहावेत: ‘३७ कोटी ८० लाख’, ‘उणे ६३’. त्यात तुटायला चिन्हच नसतं. दुसरं, तिसरं प्रूफ फक्त आकड्यांसाठी वाचावं, दोघांनी मिळून. एकाने मूळ प्रतीतून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील पानावर बोट ठेवायचं. ‘सातचा फोन’च्या तिसऱ्या प्रुफात दोन चुका सापडल्या. त्यांतली एक पहिली दोन प्रुफं ओलांडून आली होती. वाचताना डोळा शब्द तपासतो, आकडा पाहून पुढे जातो.

हक्क

स्वीकृतीचं पत्र जूनमध्येच गेलं. त्यात पाच गोष्टी होत्या: कथेचं नाव, कोणत्या वर्षीच्या अंकासाठी, मानधनाची रक्कम, अंक प्रसिद्ध झाल्यापासून किती दिवसांत ती मिळेल, आणि इतर सर्व हक्क लेखिकेकडे राहतील हे वाक्य. हे शेवटचं वाक्य पुष्कळदा राहून जातं आणि पुढे ध्वनिपुस्तक किंवा भाषांतराची विचारणा आली की घोळ होतो. कायदा लेखकाच्या बाजूने आहे. कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखीच असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण कायदा बाजूने असणं आणि ते शाबित करत बसणं यांत मोठं अंतर आहे. त्यापेक्षा पत्रातली एक ओळ स्वस्त.

संपादक स्वतःही लिहीत असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. परत पाठवलेल्या कथांमधल्या कल्पना त्याच्या डोक्यात राहतात. दोन वर्षांनी त्याच्या कथेत तशीच कल्पना आली तर संशय येणारच, मग ती खरोखर त्याची असो वा नसो. या संपादकांनी त्यावर ठेवलेला उपाय साधा आहे. स्वतःला सुचलेली प्रत्येक कल्पना तीन-चार ओळींत लिहून त्याच दिवशी स्वतःला ईमेल करायची. तारीख आपोआप नोंदली जाते. आलेल्या हस्तलिखितात आपल्या नोंदीशी मिळतंजुळतं काही दिसलं, तर ते हस्तलिखित वाचून निर्णय द्यायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यायचं. मंगळावरच्या विलंबावर त्यांची स्वतःची एक जुनी नोंद होती. ‘सातचा फोन’ स्वीकारली त्या दिवशी त्यांनी ती खोडली.

संपादकाचं स्वतःचं लेखन

मागे घेतलेल्या त्या दोन पानांचा एक परिणाम कथेबाहेर झाला. ती पानं इतक्या सहज का लिहून झाली, याचा संपादकाने विचार केला, तर कारण उघड होतं. त्या वर्षी त्यांनी स्वतःचं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी वर्षाची विभागणी केली. मे ते ऑक्टोबर दुसऱ्यांची हस्तलिखितं, नोव्हेंबर ते एप्रिल स्वतःचं लेखन. त्या सहा महिन्यांत आलेली हस्तलिखितं पोच देऊन बाजूला ठेवायची आणि वाचन मेपासून सुरू होईल हे पोचेतच सांगायचं. स्वतः संपादित करतो त्या अंकात स्वतःची कथा द्यायची नाही, हा जुना नियम कायम. त्यामुळे आपली कथा त्यांना दुसऱ्या संपादकाकडे पाठवावी लागते, आणि समासातले प्रश्न वाचावे लागतात.

लेखिकेची पुढची कथा एप्रिलमध्येच आली. या खेपेला सोबत एक पान हिशेब जोडलेला होता: अंतर, वेळ, दाब, तापमान, आणि प्रत्येक आकड्यापुढे कथेतलं पान. त्यात एक आकडा चुकीचा होता. संपादकाने त्याच्यावर खूण केली, बरोबर आकडा लिहिला आणि पुढे विचारलं, ‘हे बदललं तर पान ९ वर आजी काय करेल?’